विद्यापीठातील धर्माभ्यास आणि वारकरी

॥ श्रीविठ्ठल प्रसन्न ॥

सज्जनहो, कोणताही शास्त्रग्रंथ हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात, असा जुन्या आचार्यांचा दंडक आहे. ग्रंथाचा विषय कोणता? तो शिकण्याचा अधिकारी कोण? त्याचा संबंध कशाशी? आणि शिकून प्रयोजन काय साधणार? या चौघांना मिळून अनुबंधचतुष्टय म्हणतात. पाठशाळेत हे चार शब्द आधी पाठ करून घेत आणि मग पोथी सोडीत. बाजारात माठ घेतानाही आपण तो वाजवून घेतो. मग ज्यात मुलांची चार-पाच वर्षे जायची, ती विद्या तरी न वाजवता कशी घ्यावी?

ती विद्या म्हणजे विद्यापीठात चालणारा धर्माचा अभ्यास. वारकऱ्यांच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की, आपली मुले-मुली आता बी. ए., एम. ए. पर्यंत जातात आणि संतवाङ्मयाचा अभ्यास करू का, म्हणून घरी विचारतात. त्यांना होय म्हणावे की नाही, हे आईबापांस कळत नाही. दुसरे असे की, आपल्या विठोबाविषयी, वारीविषयी आणि संतांविषयी जगात जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे विद्यापीठांत लिहिले जाते. तिथे आपले कोणी बसले नाही, तर आपल्या घरची गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकायची पाळी येते. म्हणून हा माठ आज आपण वाजवून पाहू.

विषय

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. धर्माची दीक्षा देणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे. गळ्यात माळ घालणे, नेम सांगणे, नाम देणे हे गुरूचे आणि फडाचे काम. विद्यापीठ ते करीत नाही आणि त्याने ते करूही नये. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात सांगितले आहे की, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. पण म्हणून तिथे संतांचे नावच काढायचे नाही, असा याचा अर्थ नव्हे. पंजाबात गुरु नानकांच्या नावाने विद्यापीठ निघाले, तेव्हा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७१ साली न्यायालयाने निर्णय दिला की, नानकदेवांचे चरित्र व शिकवण यांचा अभ्यास-संशोधन करणे म्हणजे धार्मिक शिक्षण देणे नव्हे. दीक्षा आणि अभ्यास यांतला भेद कायद्यानेही असा मान्य केला.

त्याच पंजाबात पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ साली धर्माभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. शीख, हिंदू, बौद्ध, इस्लाम, ख्रिस्ती अशा धर्मांचा अभ्यास एका छपराखाली व्हावा, ही त्यामागची योजना. आता पाहा, गुरु ग्रंथसाहेबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. आपल्याकडचा एखादा विद्यार्थी गुरुमुखी लिपी शिकून तिथे गेला, तर नामदेवांच्या चरित्राचे अर्धे पान त्याला तिथेच वाचायला मिळेल. हे पान आपल्या फडावर बसून वाचता येणार नाही.

आपल्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाले, ते राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते. विद्यापीठांच्या शिक्षणाविषयी १९४८ साली जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष हेच राधाकृष्णन. त्या आयोगाने शिफारस केली होती की, पदवीच्या पहिल्या वर्षी जगातील थोर धर्मपुरुषांची चरित्रे शिकवावीत, दुसऱ्या वर्षी निरनिराळ्या धर्मग्रंथांतील निवडक वेचे आणि तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानातील मुख्य प्रश्न. चरित्र, ग्रंथ आणि सिद्धांत! आपल्या कीर्तनात याहून वेगळे काय असते? ही शिफारस सगळीकडे अमलात आली नाही, परंतु दिशा कळली.

कोल्हापुरात हे काम मुख्यतः अध्यासनांच्या रूपाने दिसते. अध्यासन म्हणजे एखाद्या विषयासाठी किंवा थोर पुरुषाच्या नावाने विद्यापीठात मांडलेली अभ्यासाची गादी. इथे श्री संत तुकाराम महाराजांच्या नावाचे अध्यासन आहे आणि भगवान महावीरांच्या नावाचेही आहे. यांखेरीज मराठी व इतिहास या विभागांतून संतसाहित्य आणि समाज यांचा अभ्यास होतो. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाच्या ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांचा संग्रह आहे. अशा ठिकाणी चालते काय, तर जुन्या पोथ्यांची यादी करणे, प्रती ताडून पाहणे, मोडी-प्राकृत-संस्कृत शिकणे, गावोगावी जाऊन यात्रा व रूढी लिहून घेणे, व्याख्याने व चर्चासत्रे भरविणे, आणि एका विषयावर तीन-चार वर्षे खपून प्रबंध लिहिणे.

अधिकारी

हे शिकण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नावर कोल्हापूर एकेकाळी चांगलेच पेटले होते. वेदोक्ताचे प्रकरण आपण ऐकून आहात. मंत्र कोणी म्हणावेत आणि कोणासाठी म्हणावेत, हा तो वाद. राजर्षी शाहू महाराजांनी त्यावर नुसते भाषण केले नाही. १९२० साली श्री शिवाजी वैदिक स्कूल काढून बहुजन समाजातील मुलांस मंत्र व संस्कार शिकविण्याची सोय केली. आपल्या संतांच्या मांदियाळीत तर कुंभार, माळी, सोनार, न्हावी, शिंपी, महार सगळे आहेत; जनाबाई आहेत, कान्होपात्रा आहेत. भक्तीचा अधिकार त्यांनी मिळविला. ग्रंथ तपासण्याचा अधिकार मात्र पुष्कळ काळ थोड्यांच्याच हाती राहिला. विद्यापीठाच्या दारात जात विचारून आत सोडीत नाहीत. ज्याची आजी दळताना ओव्या म्हणत होती, ती नात आज त्याच ओव्यांवर प्रबंध लिहू शकते. हा केवढा पालट आहे!

आणि श्रद्धावान मनुष्य असा अभ्यास करू शकत नाही, असेही कोणी समजू नये. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी अनेक वर्षे अर्धमागधी शिकविली. हे १९०६ साली चिकोडी भागातील सदलग्यास जन्मले. ते जैन घरचे. जैनांचे प्राकृत-अपभ्रंश ग्रंथ त्यांनी एकेक प्रत ताडून असे संपादिले की, देशोदेशीचे पंडित ते प्रमाण मानू लागले. पुढे म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत या विषयांचे ते प्राध्यापक झाले. १९७५ साली वारले. जी अपभ्रंश भाषा त्यांनी उजेडात आणली, ती आपल्या मराठीच्या वाटेवरचीच एक पायरी होय.

आपल्या संप्रदायात शंकर वामन तथा मामासाहेब दांडेकर झाले. १८९६ चा जन्म, १९६८ साली वैकुंठवास. विष्णुबुवा जोग महाराजांचे शिष्य, गळ्यात माळ, पायी वारी, हातात वीणा. आणि दिवसा पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य. त्यांनी संपादिलेली ज्ञानेश्वरी आजही घरोघरी आहे. प्राध्यापक झाले म्हणून त्यांची वारी चुकली नाही आणि वारकरी झाले म्हणून तर्क सुटला नाही.

संबंध

आता खरा प्रश्न. या अभ्यासाचा आपल्या उपासनेशी संबंध मित्राचा की शत्रूचा? कीर्तन आटोपले की आपल्या भागात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. "महाराज, पोरगी म्हणत्या एम. ए. ला तुकोबांचा अभ्यास करणार. तिथं म्हणं अभंग खरा का खोटा ते बघत्यात. आम्ही आजवर जे गात आलो, त्येच खोटं ठरलं तर काय करायचं वो?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. हा पूर्वपक्ष आहे आणि पूर्वपक्ष बळकट असला म्हणजेच सिद्धांताला किंमत येते.

यावर पहिले उत्तर नाथमहाराजांनी देऊन ठेविले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली झाली. नाथांच्या काळापर्यंत तिला तीनशे वर्षे होत आली होती. तेव्हा छापखाना नव्हता. एकाच्या प्रतीवरून दुसरा नक्कल करी. कोणाचे अक्षर चुके, कोणी कठीण शब्द बदली, कोणी आपली ओवी घुसडी. नाथांनी काय केले? श्रद्धा आहे म्हणून जसे हाती आले तसे डोक्यावर घेतले नाही. त्यांनी पाठ तपासून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. आणि यापुढे कोणी आपल्या ओव्या तीत मिसळू नयेत असे बजाविले. आज विद्यापीठात ज्याला पाठचिकित्सा म्हणतात, ती हीच. माउलींवर नाथांहून अधिक प्रेम कोणाचे होते? आणि प्रेम होते म्हणूनच त्यांनी तपासले. आईच्या औषधात भेसळ आहे की काय, हे लेकच पाहतो. परका कशाला पाहील?

तुकोबांच्या गाथेचेही तसेच. १८६९ ते १८७३ या काळात विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सरकारी मदतीने गाथा छापली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्या ताडून पाहिल्या. १९५० च्या दशकात मुंबई सरकारने तीच गाथा पुन्हा छापून स्वस्तात लोकांस दिली. वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वहीवरून निराळी गाथा प्रसिद्ध केली. तेव्हा आज आपण जे पुस्तक मांडीवर घेऊन गातो, ते संशोधकांच्या हातून आपल्याकडे आले आहे. त्यांनी तपासले म्हणून आपण निर्धास्त गातो.

दुसरे उत्तर अवघड प्रसंगाचे आहे. ते टाळता येणार नाही. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ लिहिला, त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २०११ साली निघाले. त्यात ढेरे म्हणतात की, विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा लोकदेव आणि पुढे त्याचे वैष्णव रूप झाले. याच्या पुराव्यात विठ्ठल आणि बिरदेव या जोडीचा विचार येतो. ही जोडी आपल्याला लांब शोधायची नाही. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, भंडारा उधळतो, ढोल-कैताळ वाजतात. जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोनथायमर हे बिरोबा, खंडोबा आणि धनगरांचा अभ्यास करण्यासाठी वर्षानुवर्षे आपल्या मुलखात हिंडले. १९९२ साली ते निवर्तले.

हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. सच्चिदानंद परब्रह्म, आणि त्याचे मूळ धनगरवाड्यात? पण शांतपणे विचार करा. आपण ज्याला गोपाळ म्हणतो, ज्याच्या काल्यात दहीभात वाटतो, तो गायी राखणाराच होता ना? देव मेंढपाळाच्या तांड्यात प्रथम ओळखला गेला, या म्हणण्याने देव उणा होत नाही. मेंढपाळ मात्र थोर ठरतो. शिवाय शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, ढेरे सांगतात ते उपासनेच्या इतिहासाविषयी. उपास्याच्या स्वरूपाविषयी नव्हे. गंगा कोणत्या गावावरून कशी वाहत आली, हे एक जण सांगतो. तीत स्नान केल्याने काय होते, हे दुसरा सांगतो. दोघांचे भांडण लावायचे कारण नाही. ढेऱ्यांचे म्हणणे सगळ्यांनी मानलेच पाहिजे, असेही नाही. त्यांचा पुरावा तपासावा, दुसरा पुरावा असल्यास मांडावा. पण मांडायचा तर अभ्यास पाहिजे. नुसते रागावून पूर्वपक्ष खोडला जात नसतो.

वेदान्तात एक न्याय आहे, स्थूणानिखनन न्याय. मंडपाची मेढ रोवताना ती हलवून हलवून रोवतात. नव्या माणसाला वाटते, हा मेढ उपटतो की काय! पण प्रत्येक हलविण्याने ती अधिक खोल जाते. शंका ही अशी हलवणी आहे. आचार्यांनी जागोजाग पूर्वपक्ष उभे केले ते यासाठीच. जी श्रद्धा एका प्रश्नाने पडते, ती नीट रोवलेली नव्हती इतकेच.

विद्यापीठाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर एकांगी बोलणे होईल. प्रबंध लिहिला म्हणून प्रेम येत नाही. वारीत किती लोक, कोणत्या जिल्ह्यातले, किती दिवस चालले, हे मोजता येईल. वाखरीच्या तळावरून पंढरी जवळ आली म्हणताना डोळ्याला पाणी का येते, हे मोजता येत नाही. १९५१ च्या वारीत आळंदीहून चालणारे फ्रेंच धर्मोपदेशक दलरी यांनी १९६० साली विठोबाच्या उपासनेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. चालले म्हणून त्यांना लिहिता आले. तसाच नियम आपल्या मुलांसही सांगावा : ग्रंथालयात बसा, पण वारी सोडू नका.

प्रयोजन

आता व्यवहाराचा प्रश्न, आणि तो विचारण्यात लाज नाही. "शिकून पोराच्या हाताला काय लागणार?" उघड सांगतो, या विषयात पगाराच्या जागा थोड्या आहेत. केवळ नोकरीवर डोळा असेल, तर दुसरी वाट धरावी. पण वाटा अगदीच बंद नाहीत. महाविद्यालयात शिकविण्यासाठी जी नेट परीक्षा असते, तीत धर्मांचा तौलनिक अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे. त्यात वरचे गुण मिळाल्यास संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळते. मराठी, संस्कृत, इतिहास या विषयांतूनही संतवाङ्मयावर प्रबंध लिहिता येतो. मोडी येणाऱ्यास दप्तरखान्यात काम आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जुने कागद रचून ठेविले आहेत आणि ते वाचणारे मात्र थोडे. ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, प्रकाशन, भाषांतर ही क्षेत्रे आहेत. पैठणच्या संतपीठात २०२१ साली विद्यापीठाच्या देखरेखीखाली संतवाङ्मयाचे प्रमाणपत्र वर्ग सुरू झाले. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांस असे छोटे अभ्यासक्रम सोयीचे.

मोठे प्रयोजन मात्र वेगळेच आहे. १९१७ हे साल ध्यानात ठेवा. त्या वर्षी आळंदीत जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. आणि त्याच वर्षी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले. एकाने कीर्तनकार घडविले. दुसऱ्याने हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली. दोन्ही संस्था एका वर्षाच्या, पन्नास मैलांच्या आतल्या. एकीने वाणी राखली, दुसरीने पोथी राखली. पोथीवाचून वाणी भरकटते आणि वाणीवाचून पोथी मुकी राहते. या दोन संस्थांतले अंतर चालून जाणारी मुले आपल्याला हवी आहेत.

आपले कर्तव्य

हे काम फक्त शिकलेल्यांचे नव्हे. आपल्या घरी माळ्यावर, देव्हाऱ्याच्या फळीवर, लाल फडक्यात बांधलेली बाडे असतात. आजोबांनी हाताने उतरलेले अभंग, फडाच्या भजनाचा क्रम, चालींच्या खुणा. वाळवी लागली, वाचता येईना, की आपण भक्तिभावाने ती पंचगंगेत सोडून देतो. भाव खरा, पण त्या वहीत असा एखादा पाठ असेल, जो दुसऱ्या कोणत्याच वहीत नाही. ती बुडाली की तो शब्द कायमचा गेला. विष्णुपंत आणि शंकरपंत पंडितांना कडूसची वही मिळाली, कारण कोणीतरी ती राखली होती.

म्हणून पुढच्या एकादशीपर्यंत एवढा अभ्यास करावा. घरातील बाड उन्हात न टाकता सावलीत वारा लागेल असे उघडावे. फाटलेल्या पानांस चिकटपट्टी लावू नये. कोऱ्या सुती फडक्यात बांधावे. निराळ्या कागदावर लिहावे की, ही वही कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या दिंडीची, घरात कधीपासून. मग अध्यासनातील किंवा ग्रंथालयातील जाणत्या माणसास दाखवून तिची छायाचित्रे काढू द्यावीत. मूळ वही द्यायचीच झाली, तर लेखी पोच घ्यावी. गावात जुन्या चाली येणारे म्हातारे टाळकरी असतील, तर त्यांना नंदवाळच्या वाटेवर नुसते ऐकू नका. घरी बसवून फोनमध्ये त्यांचे भजन भरून घ्या आणि नाव, गाव, तारीख बोलून ठेवा. ते गेल्यावर ती चाल कोणत्याही विद्यापीठाला परत आणता येणार नाही.

आणि घरातल्या मुलीने, 'मी तुकोबांचा अभ्यास करते' म्हटले, तर बापाने भिऊ नये. तिला वही काढून द्यावी, माळ सांभाळ म्हणावे, आणि सुट्टीत आली की काय शिकलीस ते दिंडीपुढे सांगायला लावावे. तिने काही नवे सांगितले, तर ऐकावे. पटले नाही, तर विचारावे. ज्या संप्रदायात नाथांनी प्रत शुद्ध केली, तिथे लेकीने प्रत तपासली तर नवल ते काय?

इत्यलम्. राम कृष्ण हरी.